मूळ राखावे

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर, वीस-बावीस किलोमीटर अंतरावर, ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतांच्या या मुलखात एक जुनी, ऐसपैस वास्तू उभी आहे. तिचे नाव मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ च्या सुमारास हे छत्र सुरू केले. मुक्तांबा ही राजाची प्रिय सखी. अकाली मरण समोर दिसू लागले तेव्हा तिने आपल्या नावे एक छत्र असावे एवढीच इच्छा बोलून दाखविली, असे सांगतात. राजाने ती इच्छा पुरी केली आणि रामेश्वराच्या वाटेवर, थकल्याभागल्या यात्रेकरूंच्या पायाशी, तिचे स्मारक अन्नाच्या आणि निवाऱ्याच्या रूपाने उभे केले.

छत्र म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अन्नछत्र येते. तंजावरची छत्रे त्याहून पुष्कळ अधिक होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला आणि राजेपणाचा मान एवढेच उरले. अशा वेळी, १८०१ साली, त्यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस एक पत्र लिहिले. छत्रांच्या उत्पन्नाला धक्का लागू नये ही त्यामागची तळमळ. छत्रात जातिभेद न पाहता वाटसरूंना अन्न मिळते, निराधार मुलांना शिक्षण मिळते, तान्ह्या मुलांना दूध मिळते, वाटेत आजारी पडलेल्यांना बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण मिळते, असे त्यात सांगितले आहे. आणि छत्रातील वैद्य कशात कुशल असतात, तेही नमूद केले आहे : व्याधी, सूज आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे विष.

या तीन शब्दांपैकी मधला शब्द आजच्या विषयाचे दार उघडतो. सूज अनेक प्रकारची असते. पण लांबच्या प्रवासात माणसाला सर्वांत अधिक हैराण करणारी सूज म्हणजे किडलेल्या दाढेमुळे गालावर आलेली सूज. दिवसभर चालून आलेला यात्रेकरू, समोर वाफाळलेला भात, आणि तोंड उघडवत नाही! काशीचे गंगाजल रामेश्वरी नेणाऱ्यांपैकी किती जणांवर ही पाळी आली असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. परंतु दाताचे दुखणे राजाला आणि रंकाला सारखेच होते, हे सांगावयास नोंदीची गरज नाही.

त्या काळच्या वैद्यापाशी या दुखण्यावर काय होते? शास्त्र होते, आणि ते क्षुल्लकही नव्हते. सुश्रुताने मुखरोग पासष्ट सांगितले. त्यांपैकी पंधरा दातांच्या मुळांचे आणि आठ खुद्द दातांचे. किडलेल्या दाताला त्याने कृमिदंतक असे नाव दिले. वाग्भटाने अशा दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागण्याचा उपाय सांगितला आहे. पोकळी भरावी आणि आतील वेदनेचा उगम जाळून टाकावा, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, असा इशाराही सुश्रुताने दिला आहे. कारण अतिरक्तस्राव होऊन भयंकर उपद्रव ओढवतात. म्हणजे दात शक्य तो राखावा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. साधने मात्र तोकडी होती. डागूनही ठणका थांबला नाही तर शेवटी चिमटा, आणि चिमट्यानंतर जन्माची खिंड.

स्वतः सरफोजी वैद्यकाचे मोठे रसिक होते. तंजावरास त्यांनी धन्वंतरी महाल चालविला. तेथे देशी पद्धतींचे वैद्य आणि युरोपीय वैद्यक यांची सांगड घातली जाई. डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दंतवैद्यकाच्या बाबतीत असे काही तेथे घडले, असे म्हणण्यास आधार नाही. त्यापूर्वीच युरोपात मात्र दाताच्या बाबतीत एक वेगळाच विचार मूळ धरू लागला होता.

पिअर फोशार हा पॅरिसचा दंतवैद्य. १७२८ साली त्याने दंतशस्त्रक्रियेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दाताचा वरचा भाग मोडून गेला, पण मूळ हिरडीत घट्ट असले, तर ते मूळ उपटून फेकण्याऐवजी त्याचा उपयोग का करू नये, असा त्याचा प्रश्न. दाताच्या मुळात निसर्गानेच एक बारीक नळी ठेवलेली असते. ती नळी थोडी मोठी करावयाची, तीत सोन्याची वा चांदीची खुंटी बसवावयाची, आणि त्या खुंटीच्या आधारावर वरून नवा दात चढवावयाचा. हा नवा दात पाणघोड्याच्या किंवा हत्तीच्या दातातून कोरलेला असे. कधी तो दुसऱ्या माणसाचाही असे. आज दंतवैद्य ज्याला पोस्ट म्हणतात, ती हीच खुंटी.

कल्पना उत्तम, पण तिच्या मार्गात दोन मोठे अडथळे होते. पहिला अडथळा खुंटीचा. सोने सर्वांना परवडत नसे, म्हणून लाकडी खुंट्या वापरल्या जाऊ लागल्या. वाळलेले लाकूड मुळात ठोकले की लाळेच्या ओलाव्याने ते फुगे आणि घट्ट बसे. रोगी खूश होई. पण फुगण्याचे काम तेथेच थांबत नसे. दगडाच्या खाणीत लाकडाची पाचर भिजवून शिळा फोडतात, त्याच न्यायाने ती खुंटी एके दिवशी मूळच उभे चिरून टाकी. आधार द्यावयास आलेल्यानेच घर मोडावे, तसा हा प्रकार.

दुसरा अडथळा अधिक खोल होता. दाताच्या आतील नळीत दंतमज्जा असते : रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांची जिवंत दोरी. कीड तेथवर पोहोचली की ती कुजते, आणि कुजलेला मळ मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतो. गालावर येणारी सूज ती हीच. हा मळ न काढता वरून खुंटी ठोकणे म्हणजे तुंबलेल्या मोरीवर फरशी घालण्यासारखे होते. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात अशा कामावर घणाघाती टीका केली. दूषित मुळांवर चढविलेले सुंदर सोनेकाम शरीराला विष पाजते, असे त्याचे म्हणणे. त्याच्या म्हणण्यातील तथ्यांश घेऊन काम सुधारणे हा एक मार्ग होता. पुष्कळ डॉक्टरांनी दुसराच मार्ग धरला आणि पुढील दोन-तीन दशके मेलेला दिसेल तो दात उपटण्याचा सपाटा लावला. असंख्य निरोगी होऊ शकणारी मुळे त्या लाटेत गेली.

दाताला पुन्हा न्याय मिळाला तो क्ष-किरणांमुळे आणि निर्जंतुकीकरणाच्या शिस्तीमुळे. रॉंटगेनचा शोध १८९५ चा. मुळाच्या टोकाशी काय चालले आहे, ते यामुळे प्रथमच डोळ्यांना दिसू लागले. त्याआधीच, १८६४ साली, रबराचा पातळ पडदा दाताभोवती ताणून लाळ दूर ठेवण्याची युक्ती निघाली होती. आणि १८६७ च्या सुमारास गटापर्चा हा मलायाकडील झाडाचा चीक मुळाच्या नळीत भरण्यास वापरला जाऊ लागला होता. या सर्वांचा मेळ बसून ज्याला लोक आज रूट कॅनॉल म्हणून ओळखतात, तो उपचार सिद्ध झाला. नळीतील कुजलेला मळ काढावयाचा, ती औषधाने धुऊन निर्मळ करावयाची, आणि टोकापर्यंत गटापर्चाने बंद करून टाकावयाची. मोरी साफ झाली. आता फरशी घालण्यास हरकत नाही.

खुंटीचा प्रश्नही याच काळात सुटू लागला, आणि तो ज्या पद्धतीने सुटला ती तंजावरच्या माणसाला परकी वाटणार नाही. कुंभकोणमजवळ स्वामिमलै येथे स्थपती आजही पंचधातूच्या मूर्ती ओततात. प्रथम मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचा लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात, आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओततात. १९०७ साली अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट याने नेमकी हीच मेणओतीची रीत दंतवैद्यकात रूढ केली. प्रत्येक मुळाची नळी वेगळी. तिचा मेणाचा ठसा घ्यावयाचा आणि त्याबरहुकूम धातूची खुंटी ओतावयाची. वाग्भटाने दाताची पोकळी मेणाने भरावयास सांगितली होती. शतकांनी तेच मेण दुसऱ्या वाटेने पुन्हा दातात आले. पुढे तयार मापाच्या धातूच्या खुंट्या बाजारात आल्या. १९९० च्या सुमारास फ्रान्समध्ये कार्बनतंतूंची खुंटी निघाली, आणि तिच्या पाठोपाठ काचतंतूंची पांढरी खुंटी आली. आज मोठ्या शहरांतील दवाखान्यांतून हीच अधिक दिसते. ती धातूइतकी ताठ नसते. दाताचा मुख्य घटक जो दंतिन, त्याच्या लवचिकपणाच्या ती जवळ जाते. त्यामुळे फार जोर आला तर बहुधा ती सुटते किंवा मोडते, पण मुळाला चिरत नाही. खुंटी मोडली तर पुन्हा बसविता येते. मूळ चिरले तर काही करता येत नाही.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. खुंटी घातल्याने दात बळकट होतो, असे रोग्यांना वाटते. काही काळ दंतवैद्यांनाही तसे वाटत असे. वस्तुस्थिती अशी नाही. खुंटीचे काम एकच : वर भरलेल्या गाभ्याला धरून ठेवणे. तो गाभा पुढे टोपीला, म्हणजे कॅपला, धरून ठेवतो. मुळाला खुंटीपासून बळ मिळत नाही. उलट तिच्यासाठी नळी रुंद करताना मुळाच्या भिंती पातळ होतात. रूट कॅनॉल केलेला दात वाळून ठिसूळ होतो, ही समजूतही फारशी खरी नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, केवळ मज्जेपर्यंत पोहोचण्यासाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा अवघा ५ टक्के कमी होतो. पण दोन्ही बाजूंच्या कडा पोखरल्या गेल्या म्हणजे ६३ टक्के कमी होतो. दात दुबळा होतो तो उपचाराने नव्हे, तर किडीने आणि तासण्याने जे गमावले त्याने.

यावरून पुढचे सारे नियम आपोआप निघतात. पुढच्या वरच्या दाताचे उदाहरण घ्यावे. त्याचे दिसणारे शीर सुमारे १० मिलिमीटर आणि मूळ सुमारे १३ मिलिमीटर. जुना नियम असा की, खुंटी निदान शिराइतकी लांब असावी. दुसरा नियम असा की, मुळाच्या टोकाशी गटापर्चाचा ४ ते ५ मिलिमीटरांचा बूच अखंड राहावा, नाही तर जंतू पुन्हा हाडात उतरतील. तेरातून पाच वजा केले तर उरतात आठ. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. अशा वेळी शहाणा दंतवैद्य बूच राखतो आणि खुंटी आखूड करतो. रुंदीच्या बाबतीतही तसेच. खुंटी मुळाच्या एक-तृतीयांशाहून जाड असू नये. जाड खुंटी दिसावयास भक्कम, पण ती आपल्या जाडीइतके मूळ खाऊन बसलेली असते.

मग अशा दाताला बळ येते कोठून? ते येते हिरडीच्या वर शिल्लक राहिलेल्या निरोगी दाताच्या कड्यातून. घराघरांतील मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे बसविलेले असे. ते कडे लाकडाला चोहोंकडून आवळून धरी, म्हणून कांडताना मुसळ फुटत नसे. दातावरील टोपीनेही मूळच्या दाताला असेच आवळावे लागते. आणि त्यासाठी निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा खरा दात सभोवार शिल्लक असावा लागतो. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी! पण तेवढ्या दाण्यावर दाताचे आयुष्य ठरते. हे कडे नसेल तर टोपीचा सगळा भार खुंटीवर पडतो, खुंटी मुळाला आतून पाचरीसारखी रेटते, आणि लाकडी खुंटीच्या काळातील तीच कथा पुन्हा घडते. मागच्या दाढांवर चावण्याचा जोर पन्नास-साठ किलोग्रॅम वजनाइतकाही येऊ शकतो. सुपारी फोडणाऱ्या आणि मुरुक्कू कुडकुडीत खाणाऱ्या तोंडात ही गोष्ट विसरून चालत नाही. सुदैव असे की, दाढेच्या पोटात मज्जेची मोठी कोठी असते. तिच्यातच भरलेला गाभा बहुधा चांगला धरतो आणि खुंटीची गरज पडत नाही. जेथे गरज नाही तेथे खुंटी घालू नये, हाच आजच्या शास्त्राचा कौल आहे.

शास्त्र इतके पुढे गेले. पण माणसाचा स्वभाव मात्र जुनाच आहे. दात ठणकत असतो तेव्हा माणूस दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतो. दोन-तीन खेपांत नळी साफ होते, ठणका थांबतो, वर तात्पुरते सिमेंट बसते, आणि पुढच्या खेपेला यावयाचे असते तोच पेरणी येते, लग्नसराई येते, मुलांच्या शाळेची फी येते. दुखत नाही म्हणजे झाले, अशी समजूत होते. वास्तविक त्या वेळी दाताची स्थिती सर्वांत नाजूक असते. दुखण्याची सूचना देणारी मज्जा आता आत नाही, आणि वर छप्परही नाही. काही महिन्यांत सिमेंट झिजते, लाळेबरोबर जंतू आत शिरतात, आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना दात हिरडीबरोबर तुटतो. रूट कॅनॉल वाया गेले, असे लोक म्हणतात. वाया गेलेले असते ते अपुरे राहिलेले काम. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखविले की, मुळाच्या टोकाशी निरोगीपणा टिकणे हे आतल्या भरणाइतकेच, किंबहुना अधिकच, वरच्या भरणाच्या चांगुलपणावर अवलंबून असते.

यात दोष एकट्या रोग्याचा नाही. टोपीचा खर्च पुष्कळदा उपचाराच्या खर्चाइतका किंवा त्याहून अधिक असतो, आणि तो प्रारंभीच स्पष्ट सांगितला जात नाही. भारतात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय कलकत्त्यास १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले. मुंबईस नायर दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. दंतवैद्यांचा कायदा १९४८ साली झाला. मद्रासला दंत शिक्षण १९५३ साली सुरू झाले. तेव्हापासून महाविद्यालयांची संख्या खूप वाढली. परंतु खेड्यातल्या माणसाला दात राखण्यापेक्षा उपटणे अजूनही स्वस्त आणि सोपे वाटते. उपटण्याचा खर्च एकदाच दिसतो. खिंड पडल्यावर शेजारचे दात कलतात, समोरचा दात वाढून खाली येतो, चावणे एकाच बाजूने होऊ लागते; हा खर्च हळूहळू येतो, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तेव्हा ज्याच्या दातावर असा उपचार व्हावयाचा आहे, त्याने दंतवैद्याला तीन प्रश्न आदराने पण न संकोचता विचारावेत. पहिला : हिरडीच्या वर खरा दात किती शिल्लक आहे? दुसरा : खुंटी खरोखरच लागणार आहे काय? तिसरा : टोपी केव्हा बसेल आणि सगळ्या कामाला मिळून काय पडेल? पहिल्याचे उत्तर निराशाजनक असेल, किंवा मूळ उभे चिरलेले असेल, तर दात काढून टाकणेच शहाणपणाचे. जबड्याच्या हाडात टिटॅनियमचे कृत्रिम मूळ रोवण्याची पद्धतही १९६५ पासून माणसांत वापरात आली आहे. पण कृत्रिम मुळाला नैसर्गिक मुळाची एक गोष्ट कधीच साधत नाही. आपले मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. त्याच्याभोवती सूक्ष्म तंतूंची जिवंत गादी असते. आतली मज्जा गेली तरी ही गादी जिवंत राहते, रक्त घेत राहते आणि घासात आलेला खडा क्षणात ओळखते. म्हणून ज्याला लोक मेलेला दात म्हणतात, तो वस्तुतः मेलेला नसतो. त्याच्या आतले जीवन संपलेले असते. भोवतीचे नाते शाबूत असते. त्या नात्यावरच खुंटी, गाभा आणि टोपी यांचा सारा संसार उभा राहतो.

ओरत्तनाडूच्या छत्राकडे पुन्हा एकदा पाहावे. ज्यांनी ते बांधले ते सरफोजी १८३२ साली निवर्तले. १८५५ साली तंजावरची गादी खालसा झाली. राजवैभवाची जी मज्जा त्या वास्तूतून वाहत होती ती आटली. तरी वास्तू पाडून टाकावी, असे कोणाला वाटले नाही. यात्रेकरूंच्या ओवऱ्यांतून पुढे विद्यार्थी राहिले, तेथे शाळेचे वर्ग भरले. राजाने आरंभापासून छत्रांत अन्नाबरोबर विद्येची सोय ठेवली होती. अन्न मागे पडले, विद्येने त्याच भिंतींचा आधार घेतला. अशा जुन्या वास्तूला पडझड लागते. तिच्या डागडुजीचा पैसा वेळेवर मिळाला तर ती आणखी शंभर वर्षे काम देते. न मिळाला तर एके पावसाळ्यात छप्पर खचते, आणि मग नवी इमारत बांधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दाताचा न्यायही हाच आहे. ठणका थांबला त्या दिवशी काम निम्मे झालेले असते. उरलेले निम्मे म्हणजे छप्पर. ते वेळेवर घालावे.